कुलूप नंबर सतरा आणि चार काळे पडदे

चाकणला तळेगाव चौकात झेरॉक्सच्या दुकानावर एक पाटी दिसते : 'घारदृष्टी तपाससंस्था. संचालक : समर्थ टेमगिरे.' तो मीच. माणसाच्या बुटावरची नुसती धूळ बघून तो कोणत्या कंपनीत, कोणत्या शिफ्टला आणि कोणत्या गेटने जातो, हे मी सांगू शकतो. मग तो माणूस खरं काय ते सांगतो आणि ते वेगळंच निघतं, पण त्याला मी काय करणार? आठ वर्षांत मी अकरा प्रकरणं हाती घेतली. त्यांतली चार मांजरं आपणहून घरी आली, एक मोटारसायकल मालकाच्याच मेव्हण्याकडे निघाली, आणि उरलेल्या सहांमध्ये गुन्हेगारांना माझी इतकी धास्ती बसली की ते अजून सापडलेले नाहीत.

अशा माणसाला माझ्या मावसबहिणीने, तेजस्विनीने, भर समारंभात दारात उभं करून गुलाबपाणी शिंपडायला लावलं. समारंभ तिच्या वडिलांच्या, म्हणजे मारुतरावकाकांच्या सेवापूर्तीचा होता. काका चौतीस वर्षं एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि आदल्याच दिवशी निवृत्त झाले होते. कार्यालय मोठं, फेटे बांधलेले, जेवणात मासवडी. दुपारी अडीचला सेकंड शिफ्टवाल्यांची बस कार्यालयाच्या दारातूनच निघणार होती, म्हणून ते सगळे युनिफॉर्मवरच आले होते.

फर्स्ट शिफ्टवाल्यांना मात्र येता येणार नव्हतं, आणि काकांचे जुने जिवलग नेमके त्याच शिफ्टला. त्यावर तेजस्विनीने तोड काढली होती. माणच्या आयटी कंपनीतली नोकरी सांभाळून, महिनाभर पहाटे कारखान्याच्या गेटवर जाऊन तिने एकेकाचं बोलणं मोबाइलवर टिपलं आणि बारा मिनिटांची फिल्म केली. काकांना याचा पत्ता नव्हता. निम्मे मित्र पडद्यावर आणि निम्मे पडद्यासमोर असे बारा मिनिटं तरी बाबांभोवती जमावेत, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी फिल्म बस सुटायच्या आत लागायला हवी होती.

फिल्म दाखवायचं काम डीजे आफताबकडे होतं. त्याच्या लॅपटॉपमधून एक वायर निघून एका चपट्या डब्यात जायची आणि डब्यातून चार वायरी चार दिशांना. एक स्टेजवरच्या मोठ्या एलईडी भिंतीला, दोन बाजूच्या दोन प्रोजेक्टरना आणि एक जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीला. कोणी मासवडीच्या ताटावर असला तरी त्याची फिल्म चुकू नये म्हणून.

सव्वा वाजता काका स्टेजमागून रुमालाला हात पुसत माझ्याकडे आले. फेटा कानापर्यंत आलेला, गळ्यात हार. "समर्थ, त्या डीजेवाल्याला जरा सांग, मागं मी..." एवढं त्यांनी म्हटलं. सत्कारमूर्तीने कामात लक्ष घालायचं नसतं, हे मी त्यांना प्रेमाने समजावलं, बोलणं थांबावं म्हणून तोंडावर चांगलं सपकन गुलाबपाणी मारलं आणि दंडाला धरून मखमली खुर्चीत बसवलं. काका चष्मा पुसत राहिले. हा प्रसंग तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नाही.

दीड वाजता चारही पडदे काळे असल्याचं लक्षात आलं.

मी गुलाबदाणी काखेत मारून स्टेजमागे धावलो. आफताब घामाघूम झाला होता. गाणी चालू होती, कारण स्पीकर आणि लॅपटॉप वेगळ्या लाइनवर होते, पण डबा आणि चारही पडदे मेलेले. लॅपटॉपवर एक चौकट उघडी होती आणि तीत 'डुप्लिकेट' असं लिहिलेलं मला दिसलं. प्रकरण बनावट मालाचं आहे हे मी तिथल्या तिथे ओळखलं. आफताबने शांतपणे सांगितलं की एकच चित्र सगळ्या पडद्यांवर दाखवायचं असेल तर तेच बटण दाबायचं असतं. मी तो मुद्दा तात्पुरता बाजूला ठेवला.

माझा दुसरा सिद्धांत असा होता, की एका लॅपटॉपवर चार पडदे म्हणजे फार ओझं होतं आणि त्याने काम सोडून दिलं असावं. तिसरा, प्रतिस्पर्धी डीजेने रेडिओलहरी सोडल्या असाव्यात. आफताबने माझा खांदा धरून मला अर्धं वळवलं. समोर भिंतीवर विजेचं पॅनेल होतं. स्क्रीनच्या लाइनचा खटका खाली ओढलेला, झाकण बंद, आणि झाकणाच्या कडीला लाल कुलूप. कुलपाला प्लॅस्टिकचा टॅग लटकत होता : 'धोका. काम चालू आहे. चालू करू नये.'

पॅनेलभोवती सेकंड शिफ्टची पंधरावीस माणसं अर्धवर्तुळ करून उभी होती. सगळ्यांचे हात मागे बांधलेले. आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांत मशीन उघडण्याआधी मेंटेनन्सवाला वीज बंद करतो, स्वतःचं लाल कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो आणि मगच आत हात घालतो. त्याचं कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही, मग लाइन थांबो नाहीतर साहेब ओरडो. हे या लोकांच्या इतकं अंगात भिनलंय की लग्नाच्या कार्यालयात लाल कुलूप दिसलं, तरी कोणीतरी काम करतंय असं समजून सगळे आदबीने थांबले होते. काम करणारं कोणीच नव्हतं, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मी कुलूप तोडा म्हणालो. अर्धवर्तुळ दोन पावलं पुढे आलं. "भाऊ, दुसऱ्याचं कुलूप तोडलं तर सरळ घरी बसवत्यात," एक जण म्हणाला, आणि तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला आवडली नाही. कार्यालयाचा मॅनेजर म्हणाला, कुलूप आमचं नाही. भटारखान्यातून वायर ओढून बघितली, तर एलईडी भिंत क्षणभर उजळली आणि भटारखान्यात अंधार झाला. आचाऱ्याने आतून जे शब्द वापरले ते मी वहीत लिहून घेतले आहेत, पण इथे देत नाही.

म्हणजे हा घातपात होता. मी टॅग कात्रीने सोडवला आणि पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. पुरावा चारचौघांत फिरवायचा नसतो, म्हणून कोणाला दाखवला नाही. कोपऱ्यात जाऊन एकट्याने बघितला. मागच्या बाजूला नंबर होता, सतरा. नाव ग्रीसने पुसलेलं. पण फोटो होता. दाट कुरळे केस, वर वळवलेल्या काळ्याभोर मिशा आणि नजरेत कोणालाही न जुमानणारा भाव. मी चेहरा बघून स्वभाव ओळखतो. हा माणूस सूड उगवायला आला होता.

तेजस्विनी धावत आली तेव्हा दोनला पाच कमी होते. तिला सगळं कळलं आणि तिचा चेहराच उतरला. ती म्हणाली, "समर्थदादा, महिनाभर मी चारला उठलेय. अर्ध्या तासात बस जाईल. आपण बाबांनाच विचारूया का? त्यांना विजेतलं कळतं."

मी तिला निक्षून सांगितलं की काकांना या प्रकरणाची गंधवार्ताही लागता कामा नये. फिल्मचं गुपित फुटलं तर सगळंच मुसळ केरात. तिने डोळे पुसले आणि मान डोलावली. तिचं ते रडवेलं तोंड बघून मला खरंच भरून आलं, आणि हे प्रकरण मी जिवाची बाजी लावून सोडवायचं ठरवलं.

माणूस केस कापतो, मिशा काढतो, पण कान बदलत नाही. फोटोतल्या माणसाचा डावा कान वरून जरा दुमडलेला होता. मी पुन्हा गुलाबदाणी हातात घेतली आणि शिंपडायच्या निमित्ताने पाहुण्यांचे डावे कान तपासायला लागलो. वीस मिनिटांत त्रेपन्न कान झाले. एका आजोबांना वाटलं मी काही गुपित सांगतोय, त्यांनी कान अजून जवळ आणला. एका बाईंनी पर्स उगारली. बसच्या ड्रायव्हरला मिशा होत्या, त्याला मी दोन मिनिटं उलटसुलट प्रश्न विचारले. शेवटी त्याने मला एवढंच विचारलं, की जेवण कुठल्या हॉलमध्ये आहे. फेटेवाल्यांचे कान मात्र झाकलेले होते. फेट्याला हात लावणं बरं दिसत नाही, म्हणून ते पाच-सहा मानकरी मी संशयातून वगळले.

दोन वाजून सतरा मिनिटांनी मला सत्य गवसलं. जुनापुराणा फोटो, सूड, आणि तोही नेमका मारुतरावकाकांच्या सोहळ्यात. एकच गोष्ट जुळत होती. हा तेजस्विनीच्या आईला, शालनमावशीला, लग्नाआधी सांगून आलेला आणि नकार मिळालेला कोणीतरी असणार. तेव्हापासून तो मनात डूख धरून बसला होता, आणि आज त्याने काकांच्या आनंदावर कुलूप घातलं होतं.

मावशी कोपऱ्यात बायकांना हळदीकुंकू लावत होती. मी तिला बाजूला घेतलं, बसायला खुर्ची दिली, पाण्याचा पेला हातात दिला आणि आवाज खाली आणला. म्हटलं, "मावशी, घाबरू नकोस. मी आहे. या माणसाला तू कधी ओळखत होतीस का?"

मावशीने टॅगची पिशवी डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ धरली. मग ती चक्क लाजली. "वळखते की. ह्याच्याशीच लगीन झालं माझं."

मी पाण्याचा पेला तिच्या हातातून घेतला आणि स्वतः प्यालो.

"आमचंच हे हायेत हे," मावशी म्हणाली. "कंपनीत लागले तवाचा फोटू. तीनदा नवीन काढाया सांगितला कंपनीनं, पर ह्यांनी न्हाई बदलला. काय रं, तुला कुठं घावला?"

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. मावशी तडक खुर्चीपाशी गेली आणि काकांना हाताला धरून स्टेजमागे घेऊन आली. पॅनेलजवळच्या अर्धवर्तुळाने वाट करून दिली. काका काळ्या पडद्यांकडे बघून अजिबात चकित झाले नाहीत. ते मघापासून खुर्चीत बसून, आपलं कुलूप बघून पोरं काय ते ओळखतील आणि काम करतील, या समाधानात होते.

"झालं का काम?" त्यांनी आफताबला विचारलं.

आफताब म्हणाला, "काका, कौन सा काम?"

काकांनी वाकून डब्यामागची वायर उचलली. जोडावरची चिकटपट्टी सुटलेली होती आणि तांबं उघडं पडलं होतं. तिथून बाया-पोरं ये-जा करीत होती. काकांना ते दिसलं, त्यांनी सवयीप्रमाणे खटका पाडला, कुलूप लावलं आणि डीजेवाल्याला निरोप द्यायला दारात उभ्या असलेल्या जबाबदार माणसाकडे गेले. "मी ह्याला सांगाया आलो व्हतो," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तर ह्यानं माझ्या तोंडावर पाणी मारलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी गुलाबदाणी हातात धरून कारंज्यावरच्या पुतळ्यासारखा उभा राहिलो.

आफताबने जोड नीट बांधला. काकांनी तो ओढून बघितला, परत बांधायला लावला, मग कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडून त्यांनी ते चटकन खिशात टाकलं, जरा जास्तच चटकन. खटका वर गेला. डब्यावर हिरवा दिवा लागला, आफताबने ते 'डुप्लिकेट' पुन्हा दाबलं, आणि एलईडी भिंत, दोन्ही प्रोजेक्टर आणि जेवणाच्या हॉलातला टीव्ही एकदम जागे झाले. दोन पंचवीस झाले होते. बसचा हॉर्न काही वाजला नाही, कारण ड्रायव्हर टीव्हीसमोर मासवडी खात बसला होता.

गेटवरच्या पहाटेच्या उजेडात एकेक चेहरा येत गेला. समोरचे लोक पडद्यावरच्यांना नावाने हाका मारत होते. काका फेटा मांडीवर ठेवून बघत होते, आणि त्यांचा डावा कान वरून दुमडलेला आहे हे आता मला स्पष्ट दिसत होतं. तेजस्विनी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून हुंदके देत हसत होती.

शेवटी स्टोअरचे चांदभाई आले. त्यांनी आधी हिशोब दिला : मारुतरावांचं हेल्मेट जमा, बूट जमा, गेटपास जमा. "कुलूप नंबर सतरा मात्र जमा नाही," चांदभाई म्हणाले. काकांचा हात आपोआप कोटाच्या खिशावर गेला. मान खाली गेली. चोरी पकडली गेलेल्या लहान मुलाचं तोंड होतं ते.

"स्टोअरला यायच्या आधी मी बारा वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो," चांदभाई पुढे म्हणाले. "वर तुमचं कुलूप दिसलं, की मी डोळे झाकून प्रेसमध्ये हात घालायचो. हे बघा." त्यांनी दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरले. दहा बोटं. चार पडद्यांवर मिळून चाळीस. "साहेबांना मी सांगितलंय, ते कुलूप हरवलं. तुम्ही पण शोधू नका, मारुतराव."

काकांनी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले. मग दोन्ही हात वर करून, पडद्यावरच्या माणसाला दिसावेत असे, त्यांनी आपलेही पंजे उघडून दाखवले. सेकंड शिफ्टवाले बसमध्ये चढताना दारातून वळून तेच करीत होते.

माझ्या वहीत बाराव्या प्रकरणाची नोंद अशी आहे : 'लाल कुलूप, नंबर सतरा. हरवले. कसून तपास केला. सापडले नाही.' ते कोणाच्या कोटाच्या कोणत्या खिशात आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि आठ वर्षांत अशी खात्री मला पहिल्यांदाच वाटते आहे.