रूलन ऑल्सनच्या बेचाळीस बादल्या

उपासाच्या रविवारी सकाळी रूलन ऑल्सन बोलायला उभा राहिला, तेव्हा सॅनपीट खोऱ्यातल्या त्या मॉर्मन सभागृहातली दीडशे माणसे आदल्या दिवसापासून उपाशी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणे सोडायची, त्यांचे पैसे गरिबांसाठी द्यायचे, आणि ज्याला श्रद्धेविषयी दोन शब्द सांगायचे असतील त्याने सांगायचे, असा प्रघात. रूलन पस्तीस मिनिटे बोलला.

चर्चच्या गंगाजळीचा अवाढव्य आकडा वर्तमानपत्रांत छापून आल्यापासून, आणि लोक चर्चला हावरट म्हणू लागल्यापासून त्याला झोप नव्हती. चर्चने दिलेला खुलासा त्याच्या मते फारच त्रोटक होता.

"माझ्या तळघरात गव्हाच्या बेचाळीस बादल्या आहेत," तो म्हणाला. "बावीस वर्षं राखल्यात. ह्याला कुणी हावरटपणा म्हणेल? जे माझं तळघर, तोच चर्चचा कोष. तळघराबद्दल मी जे उत्तर देईन, तेच कोषाबद्दल समजा."

हा युक्तिवाद त्याला अभेद्य वाटला. सभा सुटल्यावर अर्डिथ नावाच्या म्हाताऱ्या विधवेने त्याला दारातच गाठले.

"पटलं हो, ब्रदर ऑल्सन. एवढंच सांगा, त्या बादल्या उघडायच्या कधी?"

"वाईट दिवस आले की."

"आपल्या सभेतल्या त्या गॅरिकला टर्की कोंबड्यांच्या कारखान्यातून काढलंय. चार पोरं आहेत. त्याचे हे दिवस कसले?"

"वाईटच," रूलन न्यायबुद्धीने म्हणाला. "पण अजून पुरेसे वाईट नाहीत."

सोमवारी दुपारपर्यंत हे वाक्य किराणा दुकानात पोहोचले. मंगळवारी ते रूलनचे उरले नाही. जे तळघर तोच कोष, ह्या न्यायाने ते थेट चर्चचे धोरण झाले. मॉर्मनांत बिशपपद बिनपगारी, पोटाला धंदा वेगळा; बुधवारी बिशप डिलॉय आपले टायरचे दुकान बंद करून, काळ्या हातांनीच रूलनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"ब्रदर ऑल्सन, 'पुरेसे वाईट' म्हणजे किती, असं लोक मला विचारतायत. टायर बदलता बदलता काय सांगू?"

"गॅरिकला चर्चकडून काही मिळालं नाही काय?"

"कुणाला काय मिळालं ते मी चारचौघांत बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. खरं तर काहीच बोलू नका."

पण अर्धवट राहिलेला वाद रूलनला अर्धवट उपटलेल्या दातासारखा सलत असे. आपल्या एका उपमेपायी चर्चचे नाव पणाला लागले, तर ते सोडवणेही आपल्याच बादल्यांनी झाले पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला. शनिवारी सकाळी सर्वांसमक्ष तळघर उघडून गॅरिकला गहू द्यायचा.

"सगळ्यांना कशाला बोलावतोस?" त्याची बायको मर्लीन म्हणाली. "मी जाऊन गुपचूप पीठ देऊन येते त्याला."

"पुरावा गुपचूप देता येत नाही, मर्लीन."

"मग पुरावाच नको देऊस."

शनिवारी चौदा माणसे तळघरात दाटीवाटीने उभी राहिली. रूलनने हर्नियाच्या शस्त्रक्रियेपासून बादली उचललेली नव्हती. मात्र दर जानेवारीला तो झाकणे मोजत असे, आणि ती दरवर्षी बेचाळीसच भरत. त्याने गॅरिकला खूण केली. गॅरिकने पंचेचाळीस पौंडांच्या तयारीने पाय रोवले, श्वास रोखला, आणि हिसका दिला. बादली पिसासारखी वर गेली आणि छताचा दिवा फोडून खाली आली.

दुसरीही तशीच रिकामी निघाली. पंधरावीनंतर लोकांनी एकमेकांकडे पाहणे सोडले. बेचाळीस बादल्यांत मिळून एक मेलेला पतंग होता. रूलनच्या डोळ्यांपुढे आपली बावीस वर्षे, आपला युक्तिवाद आणि त्याला बांधलेला चर्चचा कोष एकाच वेळी रिकामे झाले.

"पहिली बादली शेजारच्यांचा गोठा जळाला तेव्हा संपली," जिन्यावरून मर्लीन म्हणाली. "मग दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं काहीतरी असायचंच. मी पाव करून त्यांच्या दारात ठेवून येत होते."

अर्डिथने तोंडावर हात ठेवला. "आमचे हे आजारी होते तेव्हा... अकरा सोमवार. ते पाव तुमचे होते?"

मग बिशपने रूलनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आठवडाभर लोकांची बोलणी खाल्लीत, पण दिलेलं बोलून दाखवलं नाहीत. चर्चचीही रीत हीच आहे. ह्याहून चांगलं उत्तर मी ऐकलं नाही."

"अहो, मला माहीतच नव्हतं," रूलन म्हणाला. "मी एक दाणा दिला नसता. मी फक्त झाकणं मोजत होतो."

"बघा, अजून श्रेय घेत नाहीत," अर्डिथ डोळे पुसत म्हणाली.

रूलनने हे आणखी तीनदा, प्रत्येक वेळी अधिक निःसंदिग्ध शब्दांत, सांगितले. प्रत्येक वेळी लोकांचा आदर वाढला. गॅरिकने एक बादली मागून नेली, छप्पर गळत होते म्हणून. पुढच्या महिन्यात गुप्तदानावर बोलायचे रूलनकडून कबूल करून घेऊन मंडळी निघून गेली.

फुटलेल्या दिव्याखाली रूलन पालथ्या बादलीवर बसून राहिला.

"तू तरी मानतेस ना," तो म्हणाला, "की मी दिला नसता?"

"मानते," मर्लीन म्हणाली. "म्हणून तर तुला विचारलं नव्हतं."