लाजरीची जात पडताळणी

कोल्हापूर जिल्ह्यात मासा सापडणे ही शासनाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी बाब नव्हे. तो सापडतो, शिजतो, संपतो, आणि प्रकरण ताटातच निकाली निघते. परंतु उचगावच्या डॉ. रूपाली यांनी एका रविवारी मासा शिजवण्याआधी नीट पाहिला, आणि पुढचे सगळे त्यामुळे घडले.

रूपालीताई महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. बाजारात तानाबाई नावाच्या एक बाई पाटीत ओढ्याचे मासे घेऊन बसत. त्यांच्याकडून वाटाभर मुऱ्या घ्यायच्या आणि तिखट रस्सा करायचा, हा रूपालीताईंचा रविवारचा नेम. त्या दिवशी मुऱ्या धुताना बोटाएवढा एक मासा हाताला वेगळा लागला. अंग खरखरीत, मुरीच्या अंगावर दहा-बारा पट्टे असतात तिथे याला तीनच, आणि शेपटी कात्रीने सरळ कापल्यासारखी. रूपालीताईंनी गॅस बंद केला. घरचे पिठल्यावर जेवले.

पुढच्या रविवारी त्यांनी विचारले, "मावशी, ही मुरी कुठली?"

"ती मुरी न्हाय बाई, लाजरी हाय," तानाबाई म्हणाल्या. "आमच्या वढ्यातच गावती. दगूड उचलल्याबिगर भाईर येत न्हाय. मुरी हातातनं सटकती, ही खरबरीत लागती. आन् मुरी रश्श्यात इरघळती, हिचा काटा ऱ्हातोय."

तानाबाईंनी एका दमात सांगितलेले हे शास्त्राच्या गळी उतरवायला रूपालीताईंना चौदा महिने लागले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परांचे काटे मोजले, खवले मोजले, तोंडाची ठेवण काढली. मणके मोजायला क्ष-किरण यंत्र हवे होते. महाविद्यालयात ते होते, पण फक्त जडवस्तूंच्या नोंदवहीत. शेवटी त्या मासा घेऊन ओळखीच्या दंतवैद्याकडे गेल्या. त्यांनी फोटो काढून दिला आणि सवयीने "अक्कलदाढ दिसत नाही" असा शेराही मारला. मुरीचे मणके अडतीस भरतात, लाजरीचे चौतीस भरले. मग पराचा तुकडा डीएनए तपासायला पाठवला. उत्तर आले की ज्ञात माशांपैकी जो हिचा सर्वांत जवळचा नातलग, त्याच्यात आणि हिच्यात तपासलेल्या जनुकात आठ टक्के फरक आहे. रूपालीताईंनी एकवीस पानांचा शोधनिबंध लिहिला. त्याचे सार असे, की ही मुरी न्हाय, लाजरी हाय.

निबंध पाठवला त्याच आठवड्यात तानाबाई रिकामी पाटी घेऊन बसलेल्या दिसल्या.

"बाई, आता लाजरी मिळायची न्हाय. वढ्यात शिमिट वतायल्यात."

चौकशी केल्यावर समजले, की ओढ्याचे सुशोभीकरण मंजूर झाले आहे. तळाला काँक्रीट, काठाला पेव्हर ब्लॉक, मध्ये सिमेंटचे दोन हसरे मासे आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात' असा फलक. खालून काम सुरू झाले होते. वरचा तीनेकशे फुटांचा पट्टा तेवढा उरला होता, आणि जगाच्या पाठीवर लाजरीचा दुसरा पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

रूपालीताई दुसऱ्याच दिवशी ओढे व नाले सुशोभीकरण कक्षात गेल्या. तिथल्या कृष्णात नावाच्या लिपिकाने अदबीने खुर्ची दिली आणि छापील अर्ज पुढे ओढला. काम थांबवण्याची तरतूद होती. मात्र ज्याच्यासाठी थांबवायचे, त्याची पूर्ण माहिती हवी होती.

"माशाचं नाव?"

"अजून नक्की केलेलं नाही. जात नवी आहे."

कृष्णातने पेन खाली ठेवले. "नवी जात? मॅडम, हितं जुन्याच निस्तरंनात. ही आनि कुठनं काढलीसा?"

"काढली नाही हो, सापडली. पहिल्यापासूनच होती."

"मग जातीचा दाखला जोडा. एकोणीसशे पन्नासच्या आधीचा रहिवासाचा पुरावा, आन् वडलांकडच्या एका रक्तनातलगाचं वैधता प्रमाणपत्र."

"माशाच्या?"

"अर्ज कुणासाठी हाय?"

रूपालीताई हसल्या नाहीत. ही यादी त्यांना पाठ होती. त्यांच्या स्वतःच्या दाखल्यासाठी त्यांचे वडील आकाराम हीच यादी खिशात घालून दोन वर्षे हेलपाटे मारत होते. माशाच्या बाबतीत निदान त्याच्या बापाचे हेलपाटे वाचणार होते. त्यांनी पिशवीतून डीएनएचा अहवाल काढला. "रक्तनात्याचा पुरावा हा आहे."

कृष्णातने तो दोन्ही हातांनी घेतला. "हे ब्येस केलासा. माणसं हे आणत न्हाईत."

पुरावा आला म्हटल्यावर तो तपासणारी समिती असणे भाग होते. तशी समिती नव्हती, म्हणून नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष उदयसिंह यांचा माशांशी असलेला संबंध शनिवार संध्याकाळपुरता होता. परंतु तो जुना होता. बैठकीत त्यांनी लाजरीचा फोटो उलटा धरून बराच वेळ पाहिला.

"आठ टक्के फरक. म्हणजे ब्याण्णव टक्के तोच की मासा! आमच्या नातवाला ब्याण्णव पडलं तवा आम्ही गावभर पेढं वाटलं."

"साहेब, या जनुकात आठ टक्के म्हणजे पुष्कळ झाले," रूपालीताई म्हणाल्या. "माणूस आणि चिंपांझी यांच्यातसुद्धा याच जनुकात साधारण एवढाच फरक असतो."

सदस्यांनी एकमेकांकडे चोरून पाहिले. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: 'चिंपांझीबाबत स्वतंत्र प्रस्ताव मागवावा.'

बैठक संपल्यावर उदयसिंहांनी रूपालीताईंना बाजूला घेतले. आवाज एकदम घरगुती झाला. "ताई, मासा नवा हाय, आम्हाला पटलं. काम उद्याच थांबवतो. फकस्त नाव आमच्या वडलांचं, आबासाहेबांचं द्या. त्यांनी हयातभर समाजासाठी केलं, पण त्यांच्या नावानं एक साधी पतसंस्था सोडली तर काय न्हाय."

"त्यांनी मासा पाहिला होता का?"

"खाल्ला असंल की."

रूपालीताईंना त्या दिवशी जेवण गेले नाही. मनात योजलेली चार अक्षरे बदलली तर ओढा वाचत होता. माशाला त्याचे नाव काय आहे, याचे सुखदुःख नव्हते. मग आपलेच घोडे कुठे अडले आहे? सकाळी एसटी धरून त्या ओढ्यावर गेल्या. तानाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. खालच्या अंगाला काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. रूपालीताईंनी सगळे सांगितले.

तानाबाईंनी वाकून एक दगड अलगद उचलला. "ह्याच्याखाली बघा."

चौदा महिने रूपालीताईंनी लाजरी बाटलीत पाहिली होती, फोटोत पाहिली होती, अहवालात पाहिली होती. जिवंत पाहत होत्या त्या पहिल्यांदाच. वाळूवर पोट टेकून ती कल्ले हलवत स्वस्थ पडली होती आणि तिचे तिन्ही पट्टे सोनेरी होते. बाटलीत ते काळे पडत. डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी उन्हावर ढकलले. परतताना एसटीतूनच त्यांनी संपादकांना कळवले: नाव नक्की, 'तानाबाईए', म्हणजे तानाबाईंची.

दोन आठवड्यांत निबंध छापून आला. एकदा छापलेले नाव बदलता येत नाही, हा शास्त्राचा नियम असल्याने उदयसिंहांनी त्या नियमाचा निषेध केला. पाठोपाठ वर्तमानपत्रात बातमी आली आणि रूपालीताईंना सकाळपासून अभिनंदनाचे फोन सुरू झाले. मासा केवढा, खातो काय, उरलेत किती, हे एकानेही विचारले नाही. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचे होते.

"तानाबाई म्हणजे कुणातल्या?"

आठवडा उलटण्याआधी एका समाजाच्या मंडळाने चौकात फलक लावला: 'आमच्या भगिनीचे नाव सातासमुद्रापार.' दुसऱ्या समाजाने निवेदन दिले, की बाई आमच्यातल्या आहेत आणि आमच्या महिलेचे नाव माशाला देणे हा अवमान आहे. तिसऱ्याचे म्हणणे पडले, की वरील दोघेही खोटे बोलत असून बाई आईकडून आमच्याच. निवडणूक तोंडावर आली होती. उदयसिंहांनी विचार केला. बाई एका समाजाच्या ठरवल्या तर उरलेले दोन समाज नाराज, कुणाच्याच नाहीत म्हटले तर तिन्ही. समितीने एकमताने ठराव केला: 'श्रीमती तानाबाई यांचा समाज निश्चित होईपर्यंत सदर ओढ्याबाबत परिस्थिती जैसे थे ठेवावी.' मिक्सर थांबला. चारेक दिवसांनी त्याच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली.

शास्त्राने, अर्जाने आणि विनवण्यांनी जे झाले नव्हते, ते झाले. रूपालीताईंना हसावे की रडावे कळेना.

महिन्याभराने कृष्णात नमुना फॉर्म घेऊन ओढ्यावर आला. रूपालीताई तिथेच मासे मोजत होत्या.

"मावशी, तेवढं आडनाव सांगा. फाईल मिटवून टाकूया."

"सांगितलं की काय हुतंय?" तानाबाईंनी विचारले.

"निकाल लागतोय."

"आन् निकाल लागला की?"

कृष्णात मुळात सरळ माणूस. त्याने थांबलेल्या मिक्सरकडे पाहिले आणि मान खाली घातली. "काम सुरू हुतंय."

"मग आमास्नी आडनाव न्हाय," असे म्हणून तानाबाई पाण्यात उतरल्या.

कृष्णातने रूपालीताईंकडे पाहिले. रूपालीताई वहीत मान घालून मासे मोजत राहिल्या. आडनावाच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, 'तपास चालू', आणि चहाला निघून गेला.

या हकिकतीतही तानाबाईंचे आडनाव दिलेले नाही, आणि रूपालीताईंचेही नाही. त्यामुळे वाचकांची थोडी गैरसोय झाली असेल. पण सुज्ञ वाचक असल्या गोष्टींसाठी अडून राहत नाही; दोघींविषयीचा आपला अंदाज त्याने गॅस बंद होण्याच्या सुमारासच बांधलेला असतो. तो अंदाज कृपया लेखी स्वरूपात, दोन प्रतींत, कक्षाकडे पाठवावा. दावे जितके जास्त येतील, तितके दिवस ओढा वाहील.