सोनगीरपर्यंत पोचलेलं भरीत

जीवरामनानांनी रविवारी सकाळी ठरवलं की आज केबलचं काम संपवूनच टाकायचं. पंधरा मिनिटांचं काम. (नानांची पंधरा मिनिटं साधारण जेवणाच्या वेळेपर्यंत चालतात.)

नाना भुसावळला रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात होते. निवृत्तीनंतर जळगावात घर बांधलं आणि माळ्यावर हौशी रेडिओचा सेट मांडला, रीतसर लायसन्स काढून. सेट जुन्या पद्धतीचा, हातानं जुळवलेला. त्याचा आवाज लांब जावा म्हणून त्यांनी मोठा ॲम्प्लिफायरही बनवला. पण तो इतका तापायचा की त्यांच्या बायकोनं, दिपमालाकाकूंनी, त्याला मागच्या पडवीत घालवून दिलं. तेव्हा माळ्यावरच्या सेटपासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडवीपर्यंत लांबलचक केबल आली, आणि केबलबरोबर दुखणं आलं. केबल पन्नास ओहमची, ॲम्प्लिफायरचं तोंड दोनशे ओहमचं; दोघांचा मेळ बसेना. सेटमधून निघालेल्या शक्तीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग ॲम्प्लिफायरच्या दारातून परत फिरायचा आणि सेटलाच तापवायचा. सोनगीरला राहणारे झुलालभाऊ, नानांचे जुने सहकारी, दर रविवारी सांगायचे की आवाज कोणी गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

त्या सकाळी नानांनी फेराइटच्या कडीवर तार मोजून गुंडाळली, पन्नासाचा दोनशेशी मेळ घालणारा हा छोटा ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी बसवला आणि मीटर पाहिलं. परतणारी शक्ती जवळजवळ शून्य. चार महिने छळणारं दुखणं गेलं होतं. त्या आनंदात त्यांनी खिडकीतली जास्तीची केबल माळ्यावरून एका झटक्यात ओढली.

केबलचा वेढा ओट्यावरच्या पातेल्यात अडकला. पातेल्यात काकूंचं भरीत होतं.

ते साधं भरीत नव्हतं. मागच्या मैदानात कॉलनीची भरीत स्पर्धा दुपारी होती. काकू सलग तीन वर्षं भागाअक्कांच्या मागे दुसऱ्या आल्या होत्या. यंदा त्यांनी बामणोदची वांगी आणवली, कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत स्वतः ठेचली आणि पातेलं झाकून शेजारी साडी नेसायला गेल्या होत्या. आता ते सगळं फरशीवर होतं.

नानांनी फरशी पुसली आणि स्कूटर काढली. रुपचंदभाऊंच्या भरीत सेंटरवर त्यांची सून होती. नानांनी दोन किलो घेतलं, घरी येऊन पातेल्यात ओतलं आणि वरून कांद्याची पात पेरली. काकू आल्या, पातेलं उचललं आणि निघाल्या. जाताना बजावून गेल्या की मैदानात माईक लागलाय, आज रेडिओचा खटाटोप नको.

नानांनी मान डोलावली आणि पाऊण तास कळ काढली. एवढ्या मेहनतीनं जुळवलेली लाइन नुसती बघत कसं बसायचं? शिवाय मनावर ओझं होतं, ते कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. माळ्याची खिडकी लावून, हेडफोन घालून त्यांनी सोनगीरला साद घातली.

"नाना, तुमना आवाज एकदम साफ ई ऱ्हायना," झुलालभाऊ म्हणाले. "शेजारना खोलीमा बसेल शेतस असं वाटस."

नाना हरखले, आणि मग पातेल्याची हकीकत त्यांनी पहिल्यापासून सांगितली.

त्याच वेळी मैदानात निकाल लागत होता. परीक्षक होते रुपचंदभाऊ. (नानांना ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.) सगळी भरितं चाखून ते म्हणाले की असं भरीत त्यांनी स्वतःच्या हाताशिवाय कुठं खाल्लेलं नाही, पहिला नंबर दिपमालाताईंचा. टाळ्या झाल्या. काकू बक्षीस घ्यायला स्टेजवर चढल्या. माईकची लांब तार नानांच्या कुंपणाला लागूनच गेलेली. इतके महिने नानांच्या सेटची शक्ती माळ्यावरच घुटमळायची. आज ती पुरती बाहेर पडत होती आणि त्या तारेतून कॉलनीच्या मंडळाच्या कर्ण्यात शिरत होती.

"...मग काय, दोन किलो रुपचंदकडून आणलं," कर्णा म्हणाला. "तिला पत्ता नाही. पातही मीच पेरली."

काकू माळ्यावर आल्या तेव्हा नाना हेडफोन काढत होते. त्यांनी हसून विचारलं, "लागला का नंबर?"

"पहिला लागला. दोन मिनिटं टिकला," काकू म्हणाल्या आणि काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. भरीत तिच्या हातचं, म्हणून बक्षिसाचा स्टीलचा डबा रुपचंदभाऊंच्या सुनेला गेला होता.

नानांना खरोखर वाईट वाटलं. तीन वर्षांची वाट त्यांनी एका झटक्यात फरशीवर सांडली होती. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच आलं.

"मागं घरघर होती का गं?"

काकूंनी हेडफोन परत त्यांच्या हातात दिला.

"नाही. शब्द न् शब्द कळला. आता बसा तिथंच. तुमचं बोलणं संपलं आणि मंडळाचा माईक जो बंद पडला तो सुरू होईना. अध्यक्ष म्हणतात, आभारप्रदर्शन नानांनी घरूनच करावं."