केसाळ कॉफी

सकाळी नऊ वाजता सुषमाची कॉफी सोन्यासारखी चमकत होती, आणि दहा वाजता तिला केस फुटले.

वरवंडच्या शिवारात कॉफी पिकते असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग चहा मागतात. तीन वर्षांपूर्वी सुषमानं आंब्यांखालच्या अर्ध्या एकरात रोपं लावली, तेव्हा तिचे सासरे म्हस्कू हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त अट घातली. पहिला बहार विकला गेला तर बाग राहील, नाहीतर झाडं उपटून ऊस. आज फैसला होता. कॉफी भाजून विकणारी स्वप्नाली पुण्याहून यायची होती. तिला पाठवलेला पावशेर नमुना आवडला होता, आता माल डोळ्यांनी बघून ती काय ते ठरवणार होती. सुषमाचा नवरा संपत तिला आणायला हायवेला गेला होता. सुषमाला तर पहाटेपासून एका जागी बसवत नव्हतं.

तिची कॉफी 'हनी' पद्धतीची. लाल फळाची साल काढायची, पण आतल्या बीवरचा चिकट, गोड गर धुवायचा नाही, तसाच उन्हात वाळवायचा. यात मध थेंबभरही नसतो, फक्त बी मधात बुडवल्यासारखी चिकटते. जोडून ठेवलेल्या दोन बाजांवर जाळी ताणून तिनं कालच सोललेलं बी पसरलं आणि ती पोहे करायला आत गेली.

म्हस्कूंना कॉफीशी घेणंदेणं नव्हतं, पण पाहुणीशी होतं. वाडवडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे, त्यातली आता आठ उरली होती आणि तीही झिपरी झालेली. पुण्याचं माणूस दारात येतंय आणि मेंढरं ही अशी? त्यांनी लोकर कातरणाऱ्या हौशीरामाला कातरी घेऊन बोलावलं आणि बांधावर बसवलं. बांध पश्चिमेला होता आणि वाराही पश्चिमेचाच होता.

सुषमा बाहेर आली तेव्हा प्रत्येक बीनं लोकरीचा अंगरखा घातला होता. तिच्या हातातला झारा खाली पडला.

"मामा, हे काय झालं?"

म्हस्कूंनी बाजेकडे पाहिलं, मग मेंढरांकडे, मग आकाशाकडे. "पाव्हनी येनार म्हनून कातरली गं," ते पुटपुटले.

हौशीरामानं राख चोळायचा सल्ला दिला, दोडक्याच्या बियांना चोळतात तशी. सुषमाला धुवायचं सुचलं, पण धुतलं तर गर जाणार आणि गर गेला तर हनी कसली? तेवढ्यात संपतचा फोन आला की ताई भेटल्या, दहा मिनिटांत पोचतो. तिला रडू फुटलं. तीन वर्षं कडेवरच्या लेकरासारखी वाढवलेली बाग तिच्या डोळ्यांदेखत ऊस होत होती.

म्हस्कू बाजेपाशी उकिडवे बसले आणि वेचू लागले.

"जलमभर लोकरीतनं कुसळं येचली," ते म्हणाले, "आता कुसळातनं लोकर येचतो."

दहा मिनिटांत तिघांच्या मिळून चाळीस बिया साफ झाल्या. फटफटीचा आवाज आला तसं म्हस्कूंनी खांद्यावरची घोंगडी ओढली आणि दोन्ही बाजांवर टाकली.

संपतला यातलं काहीच माहीत नव्हतं. उन्हात घोंगडी कशाला पांघरली, असं म्हणत त्यानं ऐटीत ती उचलली. घोंगडीबरोबर अर्धी कॉफीही लोंबकळत वर आली.

मग म्हस्कू पुढं झाले. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. सुषमानं त्यांना देवासमोर सोडून कुठं तसं करताना पाहिलं नव्हतं.

"ताई, सुनंचा माल झ्याक व्हता. घान मी केली. तिची तीन वर्सं बघा, माझं येडपन नका बघू."

स्वप्नालीनं एक केसाळ बी उचलली, निरखली आणि नखानं तिचं टरफल काढलं. आत हिरवट, गुळगुळीत, स्वच्छ दाणा होता.

"आजोबा, वाळल्यावर हे टरफल मशीनमध्ये निघतंच," ती म्हणाली. "लोकरही त्याच्याबरोबर जाईल. निघेल तेवढी वेचा. माल सगळा माझा."

सुषमानं कपाळावर हात मारला. हे तिला माहीत होतं. टरफल काढायचे व्हिडिओ तिनं पन्नास वेळा पाहिले होते, फक्त घाबरल्यावर एकही आठवला नव्हता. मग ती हसायला लागली आणि डोळे पुसत हसतच राहिली. पोहे करपले होते, ते सगळ्यांनी कौतुकानं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमा वाळत घातलेलं बी वरखाली करायला गेली. मेंढरं ओढ्यापलीकडे बांधलेली होती आणि बाजेशेजारी म्हस्कू काठी घेऊन बसले होते. तिनं बाजेकडे हात नेताच काठी आडवी आली.

"थांब," म्हस्कू म्हणाले. "आधी डोक्याला फडकं बांध. केस गळत्यात तुझं."