दौलूमामांचं बारकं काम

रोज सकाळी सातला दौलूमामा अंगणात बसून झाडं कापायचं मशीन सुरू करतात. दोन मिनिटं डोळे मिटून त्याचं ओरडणं ऐकतात, बंद करतात, मऊ फडक्यानं पुसतात आणि वाकळेत गुंडाळून आतल्या पलंगावर नेऊन ठेवतात. स्वतः मामा फरशीवर घोंगडं टाकून झोपतात. या मशीनला आमच्या मलकापुरात सगळे कटर म्हणतात. मामांच्या कटरनं मात्र अकरा वर्षांत एक काडीसुद्धा कापली नव्हती.

मी त्यांचा शेजारी, हायस्कुलात चित्रकला शिकवतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही इथं राहायला आलो. पहिल्याच सकाळी तो आवाज ऐकून मी बनियनवरच बाहेर धावलो. भिंतीपलीकडून मामा म्हणाले, "घाबरू नगा मास्तर. तब्येत बघालोय त्येची." मी म्हटलं, आजारी आहे का? तर म्हणाले, "आजारी न्हाय. एक बारकं काम ऱ्हायलंय."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलं याला मोजदाद नाही. कुणी झाड पाडायचं काम घेऊन आलं की मामा त्याला आधी पाणी देत, मग चहा देत आणि मग सांगत, "पावणं, मशीन अजून तयार न्हाय. बारकं काम ऱ्हायलंय." पाहुणा चहा पिऊन दुसऱ्या कटरवाल्याकडे जाई. मामा आत जाऊन मशीनची वाकळ नीट करत.

मामांकडे साधा फोन. त्यामुळे मशीनचे सुटे भाग माझ्या मोबाईलवरून मागवले जात आणि पार्सल माझ्या नावानं येई. मामा आधी आंघोळ करत आणि मगच पार्सल फोडत. नवा कार्बोरेटर झाला, पिस्टन झाला, प्लग, दोरी, चेन, चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, मुठीखालची रबरं, सगळं झालं. मूळच्या मशीनला ब्रेक नव्हता. तो हवा म्हणून मामांनी नव्या मॉडेलचं अख्खं झाकण आणून बसवलं. दोन महिने त्यातच गेले. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाचं टोपण होतं. चेनला धार लावताना प्रत्येक दाताला गोल कानशीचे तीनच हात, तेही एकाच दिशेनं. पहिला दात कुठला हे कळावं म्हणून त्याला माझ्या बायकोची लाल नेलपॉलिश लावलेली असे. सुमन म्हणायची, "मला एवढी कधी लावायला मिळाली नाही."

माझ्या मोबाईलची तर पक्की समजूत झाली की मी लाकूडतोड्या आहे. सुमनला साडी दाखवायला घेतली की मध्येच हेल्मेट आणि जाड हातमोजे येतात. एकदा मुख्याध्यापकांना एका विद्यार्थ्याचं चित्र दाखवत होतो, तर त्याच्या आधी कुऱ्हाड आली. तो आठवडाभर ते माझ्याशी फार अदबीनं बोलले.

एक भाग मात्र दरवर्षी यायचा. त्याला कॅचर म्हणतात. चेन तुटली किंवा घसरली तर मागं येऊन हातावर बसू नये म्हणून तिला अडवणारा हा अंगठ्याएवढा तुकडा. दसरा जवळ आला की मामा भिंतीशी येऊन खाली बघत म्हणत, "मास्तर, तेवढा कॅचर मागवा की." मी एकदा विचारलंही, "मामा, दरवर्षी हाच कसा मोडतो?" ते म्हणाले, "मोडतो की." जे मशीन काही कापतच नाही त्याचा कॅचर कसा मोडेल, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी स्वतःला निरीक्षण शिकवणारा मास्तर म्हणवतो.

सुमननं एकदा हिशेब केला आणि विचारलं, "मामा, सगळंच नवं झालं. मग जुनं काय राहिलं?" मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "आवाज."

मामांची बायको आधीच गेलेली. मुलगी मुरगूडला दिलेली. आणि एक धाकटा भाऊ कोडोलीला, तुकाराम. तो दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला यायचा आणि त्याच दिवशी मामांना नेमकं मुरगूडला काम निघायचं. दाराला कुलूप बघून तुकाराम आमच्या कट्ट्यावर बसे. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट. त्या दोघांत तो कपाची बशी अशी धरायचा की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. चहा झाला की घरच्या तुपाची बरणी आमच्याकडे ठेवून तो परतीची एस.टी. धरायचा. दुसऱ्या दिवशी मामा येत, बरणी घेत आणि दोन दिवसांनी भिंतीशी येऊन सांगत, "यंदा तूप जरा जास्त कढवलंय." म्हणजे खाल्लं, एवढं आम्हांला कळायचं.

गल्लीचं म्हणणं, भाऊबंदकी. त्या हाताची गोष्टही गल्लीनंच मला सांगितली. दोघे भाऊ मिळून शाहूवाडी तालुकाभर झाडं पाडायचे. अकरा वर्षांपूर्वी खंडेनवमीला कटर पाटावर मांडून, झेंडूची माळ घालून, लिंबू ठेवून पुजलेलं होतं. त्या दिवशी पुजलेलं हत्यार उचलायचं नसतं. पण दुपारी रत्नागिरी रस्त्यावर झाड आडवं पडलं, गाड्या अडकल्या, माणसं बोलवायला आली आणि मामांनी मशीन पाटावरून उचलून तुकारामच्या हातात दिलं. अर्ध्या तासात त्याची तीन बोटं गेली. "खंडेनवमी बाधली," असं गल्ली एका सुरात सांगते. मामांसमोर कुणी असं म्हटलं की ते उठून आत जातात.

आता फणसाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरून झालं. मामांच्या परड्यात एक फणस होता. चार वर्षांपूर्वी तो वाळला आणि हळूहळू आमच्या स्वयंपाकघराकडे कलला. पाडायची परवानगी मी काढून आणली. दुसरा कटरवाला बोलावतो म्हटलं तर मामा आडवे आले. "माझ्या परड्यातलं झाड मीच पाडनार. दुसऱ्याचं मशीन हितं लागू देनार न्हाय." मग पाडा की! "पाडतो की. एक बारकं काम ऱ्हायलंय." अशी चार वर्षं गेली. सुमन भाकरी थापताना एक डोळा तव्यावर आणि एक छताकडे ठेवायची.

यंदा एप्रिलमध्ये एका शनिवारी संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि फणसाची मोठी फांदी आमच्या पत्र्यावर आली. पत्रा फुटून चुलीपाशी पडला. सुमन नुकतीच मीठ आणायला बाहेरच्या खोलीत आली होती. ती नुसती हातातल्या मिठाच्या बरणीकडे बघत राहिली. मी मात्र भिंतीशी जाऊन ओरडायला लागलो. मामा धावत बाहेर आले होते. "मास्तर, एक बारकं..." एवढंच त्यांनी म्हटलं आणि माझा तोल गेला.

"तुमचं बारकं काम एकदा माणूस मारूनच संपणार आहे!" मी म्हणालो.

मामांनी भिंतीवर हात टेकला. मग आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले, सव्वासात झाले, मशीन ओरडलं नाही. सुमन म्हणाली, "अहो, तुम्ही काय बोलून आलात?" मला लाज वाटली. मी तुकारामला फोन लावला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "येतो."

अकराच्या एस.टी.नं तो आला. मी सोबत गेलो. मामा दारातच होते, टोपी घातलेली, हातात पिशवी.

"मी मुरगूडला निघालतो," मामा म्हणाले.

"जा की," तुकाराम म्हणाला. "आधी मशीन दाव."

मामांना नाही म्हणता येईना. तुकारामनं पलंगावरची वाकळ सोडली आणि मशीन मांडीवर घेतलं. ब्रेक मागंपुढं करून बघितला. मागच्या मुठीखालची रुंद ढाल चाचपली. मग हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, समदं हात वाचवायचं सामान घातलंयस की रं." त्यानं मशीन उलटं केलं आणि तो थांबला. चेनच्या खाली, जिथं कॅचर असतो तिथं, एक मोडका काळा खुंट होता.

"ह्ये अजून तसंच?"

पलंगाखालून मामांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला आणि आमच्यासमोर ठेवला. त्यात कॅचरची पाकिटं होती, एकही न फोडलेलं. मी मोजली, अकरा. त्यांतल्या सहांवर माझं नाव होतं. दर दसऱ्याला मीच ती मागवली होती आणि मीच ती भिंतीवरून मामांच्या हातात दिली होती.

तुकाराम माझ्याकडे वळला. "गुरुजी, कॅचर मोडून पंधरा दिस झालतं तवा. मी आण्णाला सांगितलंतं. आण्णा म्हनला, बारकं काम हाय, दसऱ्यानंतर करू. एवढंच हाय बघा ते. कोप न्हाय अन् काय न्हाय. ते खंडेनवमीचं मीच समद्यास्नी सांगितलं, दवाखान्यातनं आल्या आल्या. म्हटलं, आण्णाच्या अंगावर नगं यायला."

"तू सांगितलंस व्हय ते?" मामांचा आवाज फुटला. अकरा वर्षं त्या गोष्टीपासून उठून आत जाणाऱ्या माणसाला ती कुणी रचली हे ठाऊक नव्हतं.

"मग काय तर. आन् तू मुरगूडला पळालास. दर पाडव्याला मी कुनाच्या दारात येत हुतो रं? कुलपाच्या?"

मामा खाली बसले. तुकारामकडे बघायचं धैर्य नव्हतं म्हणून ते माझ्याकडे बघून बोलले. "दोन मिनटाचं काम हाय मास्तर. दर खंडेनवमीला पाकीट घिऊन बसतो. दोन मिनटाचंच हाय, म्हनून हात उठत न्हाय."

मला माझं कालचं वाक्य आठवलं आणि वाटलं, आपली जीभ झडायला हवी होती. मी मामांची क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे.

तुकारामनं डब्यातलं एक पाकीट दातानं फाडलं. मोडका खुंट काढायला थोडा त्रास झाला, स्क्रू गंजला होता. नवा कॅचर त्यानं अंगठा आणि त्या एका बोटात धरून जागेवर लावला आणि म्हणाला, "आण्णा, स्क्रू तू आवळ. माझ्या हातात तेवढा जोर न्हाय." मामांचा स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. खरंच दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुपारी फणस पाडला. झाडाला बांधलेला दोर तुकारामनं कमरेला गुंडाळून धरला होता आणि मशीन मामांच्या हातात होतं. अकरा वर्षं दोन मिनिटं ओरडून गप्प बसणारं ते मशीन तासभर चाललं. सुमन आणि मी रस्त्यावर उभे राहून बघत होतो. झाड परड्यात सरळ आडवं झालं, आमच्या भिंतीला धक्काही लागला नाही. संध्याकाळच्या गाडीनं तुकाराम गेला. जाताना दोघे भाऊ एकमेकांना काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण फार बोलले नसावेत.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, आवाज नाही. मी घाबरून भिंतीशी गेलो. मामा धुतलेला सदरा घालून फणसाच्या बुंध्यावर बसले होते. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं एक काम शिल्लक होतं, ते संपलं. त्यांचा चेहरा मला आदल्या दिवसापेक्षा म्हातारा वाटला.

"मास्तर," ते म्हणाले, "कोडोलीला जायला गाडी कितीला हाय, बघा की मोबाईलवर."

मी बघून सांगितलं, नऊची आहे, बांबवड्याला बदलायची. मामा उठले, कुलूप लावलं, चार पावलं जाऊन परत आले, कुलूप ओढून बघितलं. मग उघडून आत जाऊन आले. असं करता करता नऊची गाडी गेली. ते पुन्हा बुंध्यावर येऊन बसले.

"काय झालं मामा?"

"एक बारकं काम ऱ्हायलंय," ते म्हणाले. या खेपेला मी हसलो नाही आणि चिडलोही नाही. विचारलं, कुठलं? मामांनी बुंध्यावरचा भुसा हातानं झाडला. मग म्हणाले, "जाऊन म्हनायचं काय त्येला? ते ठरंना झालंय."

मला तरी काय सुचणार? मी म्हटलं, "तूप जरा जास्त कढवलंय म्हणा."

मामांनी यावर अगदी गंभीरपणे विचार केला. "ह्ये जमंल," म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते एक जड पिशवी घेऊन. पिशवीत तुपाच्या रिकाम्या बरण्या होत्या, घासून पुसून लख्ख, प्रत्येक बरणी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. एकही त्यांनी हरवली नव्हती की दुसऱ्या कशाला वापरली नव्हती.

पुढची गाडी साडेअकराची होती. मी शाळेला कळवलं की उशीर होईल, आणि मामांच्या सोबत स्टँडपर्यंत चालत गेलो. गाडी सुटेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, कारण ते मध्येच उतरतील अशी मला भीती वाटत होती.