उंदरिणीच्या दारातला गठ्ठा

एका जंगलात, बाळांनो, वाघाला भीत नसत एवढं सगळे लेखन सुधार मंडळाला भीत. नाक ओढू नका. ऐका.

तिथं ठकूमावशी नावाची साळिंदरीण राहायची. पाठभर काटे, आणि जिभेला त्याहून जास्त. तिच्या शेजारची शेवंता उंदरीण नुकती बाळंत झाली होती. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. आणि नेमकी तेव्हाच पलीकडच्या वारुळात धामण राहायला आली.

ठकूमावशीनं पाठीचा एक काटा उपसला आणि सागाच्या पानावर लिहिलं : 'साप दिसला की बिळाच्या मागच्या तोंडानं पिल्लं काढा. मग बोंबला. मी येते.'

"दारात लावू, मावशी?" शेवंतानं विचारलं.

"लाव की."

"थांबा!" वरून मंडळाचं घुबड ओरडलं. "मंडळाच्या शिक्क्याशिवाय सूचना लावायची नाही. लिहिणाऱ्यांचं लिहिणाऱ्यांनीच तपासायचं. तुमच्याच भल्यासाठी."

शेवंता लगेच मागं सरली. "शिक्का नसेल तर मी नाही बाई वाचायची."

आता मंडळाची रीत अशी, की ज्याला चूक सापडली नाही त्यानं लेख वाचलाच नाही असं धरायचं. त्यामुळं सगळे फार मन लावून वाचत.

घुबड म्हणालं, "साप म्हणजे काय, हे कुठं सांगितलंय? आधी व्याख्या हवी."

"आबा, उंदरिणीला साप शिकवू?"

"मनाला लावून घेऊ नका, ठकूबाई. टीका लेखावर आहे."

मोर म्हणाला, "'बोंबला' काय? शी! 'उच्च स्वरात अवगत करावे' असं लिहा. आणि प्रस्तावना जरा फुलू द्या."

तिसरी तपासनीस होती धामण. विषयातली जाणकार म्हणून तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"मला तर फार आवडलं," धामण म्हणाली. "फक्त पळायची वाट शेवटी टाका. वाचकाला आल्या आल्या घाबरवू नये. आणि पिल्लं बिळात नेमकी कुठं निजतात, त्याची एक आकृती काढलीत तर सोन्याहून पिवळं."

"सटवे, तुला आकृती हवी?"

"जाणकारांचा मान राखा!" घुबडानं दटावलं.

आकृती ठकूमावशीनं काढली नाही. मेले तरी काढायची नाही, म्हणाली. बाकी सगळं मुकाट्यानं केलं, कारण शिक्क्यावाचून शेवंता ऐकेना. दुरुस्तीला नवं पान, पान टाचायला नवा काटा. टोक झिजलं की पुन्हा लिहायला काटा. गठ्ठा फुगत गेला आणि ठकूमावशीची पाठ सोललेल्या फणसासारखी झाली.

एकदाचा शिक्का पडला. शेवंता दारात बसून मोठ्यानं वाचू लागली. "साप हा... लांबट असून... त्यास पाय नसतात..."

समोर काहीतरी लांबट येऊन थांबलं. त्यास पाय नव्हते.

"वाच, वाच," धामण म्हणाली. "मला घाई नाही."

शेवंता भराभरा पानं उलटू लागली. "मावशी, पुढं काय करायचं ते कुठल्या पानावर गं?"

ठकूमावशी धावत आली. धामणीकडं पाठ फिरवली, अंग झाडलं. काहीच खुळखुळलं नाही. धामण हसली.

"मर मेल्ये!" ठकूमावशीनं शेवंताला बिळात ढकललं आणि मागोमाग तो गठ्ठा दारात कोंबला. "मागनं पिल्लं काढ, भवाने! आणि बोंबल!"

शेवंता बोंबलली. सगळं जंगल जागं झालं. घास चालला बघून धामणीनं सरळ दारात मुसंडी मारली. पण ठकूमावशीच्या पाठीवरचे सगळे काटे आता त्या गठ्ठ्यात होते.

पिल्लं वाचली.

मंडळानं तातडीनं सभा भरवून त्या लेखाला वर्षाचा पहिला मान दिला. "आमच्या सूचनांवाचून लेखाला एवढी जाडी आली असती का?" घुबडानं विचारलं. मोर नाचला. वाचक म्हणून शेवंताचं मत घेतलं.

"उत्तम आहे," ती म्हणाली. "वाचून नाही झाला, पण दारात घट्ट बसला."

सुजलेल्या तोंडानं धामण एवढंच म्हणाली, "आकृती असती तर अजून बरं झालं असतं."

तात्पर्य : बाळांनो, चार जाणकारांना दाखवल्याशिवाय एक ओळही लिहू नका. जीव वाचवायला तीन वाक्यं पुरतात हे खरं, पण तीन वाक्यांनी बिळाचं तोंड बुजत नाही.