सोमण सरांचा राजा

सोमण सर इजिप्तच्या एका राजाला ‘आमचा राजा’ म्हणत. राजा जाऊन तीन हजारांवर वर्षं झाली होती, पण सरांच्या बोलण्यावरून तो परवाच मुंबईच्या बोटीने येऊन उतरलाय असं वाटे. “आमच्या राजाला हे चाललं नसतं हो,” असं ते डब्यातल्या भाजीपासून शाळेच्या घंटेपर्यंत कशाबद्दलही म्हणत.

साठच्या दशकातली दुबई ती. वीज नुकती आली होती आणि तिचा पाय अजून घरात ठरत नव्हता. भारतीय मुलांच्या छोट्या शाळेत सर इतिहास शिकवत, मी गणित. खाडीजवळच्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. तिसरे रत्नागिरीचे हसनमियाँ, एका व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळणारे.

राजाचं नाव अखेनातेन. त्याने जुन्या देवांना कायमची रजा दिली, देवळं बंद केली आणि जाहीर केलं की देव एकच, सूर्याचं बिंब. अंधारे गाभारे नकोत, पुजाऱ्यांची मिजास नको. हे सांगताना सरांचा चेहरा उजळायचा. मुलांचे चेहरे घामाने चमकायचे. मे महिन्यात दुबईत बसून सूर्याला देव मानणं त्यांना जड जाई. “सर, किंग मस्ट बी मॅड,” असं एक मुलगी म्हणाली, तर सर म्हणाले, “सुधारक वेडेच दिसतात, बाळ. लिहून घे.” पुस्तकात राजाला दीड पान दिलं होतं. सरांनी त्यावर अख्खी सहामाही काढली.

एकदा तर कहर झाला. एका मुलाने घरी जाऊन सांगितलं, “आमच्या राजाने सगळी देवळं बंद केली. सर म्हणाले.” वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांच्या लेखी इथला राजा म्हणजे शेखसाहेब, आणि खाडीकाठी दुकानांच्या वर आमचं जे छोटं देऊळ होतं ते शेखसाहेबांच्याच परवानगीने चाललेलं. माणसाने दुकान तसंच टाकलं आणि धावत सुटला. संध्याकाळपर्यंत अर्धा कापडबाजार देवळापुढे जमला. आत आरती चालू होती. एवढी गर्दी बघून पुजारी भांबावला, पण त्या दिवशी त्याचं ताट चांगलंच भरलं. हेडमास्तरांनी सरांची खरडपट्टी काढली. सर बाहेर येऊन मला म्हणाले, “राजाचं काही चुकलं नव्हतं हो.”

हसनमियाँना हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. “सर, तुम्ही भले माणूस. पण फिरौनला, त्या इजिप्तच्या राजाला, आमचा म्हणू नका. आमच्याकडे ती शिवी आहे.”

“अहो, पण हा वेगळा. ह्याने एकच देव मानला!”

“म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या घरात शिरून हुकूम सोडतो ना? मग तो फिरौनच. खलास.”

सर स्वतः राजाच्याच पंथातले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी संगमेश्वरच्या घरातले सगळे देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. हे ते अभिमानाने सांगत. “बायको एक शब्द बोलली नाही. पटलं तिला!”

ती बायको मात्र दुबईला येत नव्हती. मूलबाळ नव्हतं, गावी अडकून पडावं असं काही नव्हतं. सर दरवर्षी बोलावत आणि दरवर्षी नवं कारण येई. समुद्र लागतो, भाचीचं लग्न आहे, म्हैस व्यायली आहे. सरांनी तिच्यासाठी आमच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन ठेवली होती. दर शुक्रवारी ते ती रिकामी खोली झाडत. पडद्यांचं विचारलं तर म्हणत, “ती आली की.” स्टोव्हची वात बदलायची? “ती आली की.” ती यावी, यापलीकडे या माणसाला आयुष्यात काहीही नको होतं, आणि ते त्यांना लपवताही येत नसे.

अरबी मुलांच्या शाळेत काही इजिप्शियन मास्तर होते. त्यांतले एक, उस्ताद फरीद, एकदा चहाला आले. राजाच्या मुलखातला माणूस! सरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. उस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की त्यांच्या चुलत्याने तिथल्या उत्खननावर मजुरी केली होती. खुद्द राजाने वसवलेल्या नव्या नगरात कामकऱ्यांच्या घरांतून जुने देव निघाले. जीभ बाहेर काढलेला, बेस नावाचा बुटका देव. पोट सुटलेली पाणघोडी, बाळंतिणींची राखणदारीण. लोक बाहेर राजाच्या सूर्यापुढे हात जोडत आणि घरी आपल्या देवांपुढे.

“आणि राजाला कळलं नाही?” सरांनी विचारलं.

उस्ताद हसले. “हबीबी, राजा स्वयंपाकघरात कधी जातो?”

सरांचा चहा तसाच राहिला. पुढे कितीतरी दिवस त्यांनी राजाचं नाव काढलं नाही. एका शुक्रवारी शेजारची खोली झाडून झाल्यावर केरसुणी हातात घेऊन ते माझ्यासमोर येऊन बसले. “ती एक शब्द बोलली नव्हती,” ते म्हणाले, “ते पटलं म्हणून, की मी विचारलंच नाही म्हणून?”



मग त्यांनी हसनमियाँकडून चहाचं रिकामं लाकडी खोकं मागून घेतलं आणि त्याचा देव्हारा करायला बसले. हातोडी कधी धरलेली नाही. दोन्ही अंगठे ठेचून झाल्यावर हसनमियाँनीच काम हाती घेतलं. त्यांनी कमान अशी कापली की देव्हारा थेट मशिदीच्या दारासारखा दिसायला लागला.

“असू दे,” सर म्हणाले. “तुम्ही रजेवर चाललाच आहात, तिला सांगा, देव्हारा केलाय. देव तिच्या पसंतीचे.”

“आणि वहिनी नाही म्हणाल्या तर?”

“तर नाही. पण मी विचारलं, एवढं मात्र सांगा.”

त्या आल्या. हसनमियाँनी त्यांना बोटीवरून सख्ख्या बहिणीसारखं जपून आणलं. बोट बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि माणसं लाँचमधून खाडीत यायची. लाँच हेलकावत धक्क्याला लागली तेव्हा सर इस्त्रीच्या शर्टात उभे होते. म्हणाले, “समुद्र लागला का?”

“नाही. मला कधीच लागत नाही,” वहिनी म्हणाल्या.

मी ट्रंक घेऊन मागोमाग खोलीत गेलो. वहिनींनी ती कमान बराच वेळ पाहिली. मग पाठ फिरवून कमरेची गाठ सोडली आणि बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा काढली. माहेराहून लग्नात आलेली.

“ही तर... मी सगळे सोडले होते नदीत,” सर म्हणाले.

“मी आदल्या दिवशीच काढून घेतली होती.”

“मग इतकी वर्षं होती कुठे?”

“तांदळाच्या डब्यात. रोज त्यातलेच तांदूळ शिजवत होते. तुम्ही जेवत होतात. इथे नुसती एक खोली. इथे कुठे लपवणार होते? म्हणून येत नव्हते.”

मी जायला वळलो, पण ट्रंक दारातच होती आणि त्यांच्यासमोर ती ओढायचा मला धीर होईना. वहिनींनी अन्नपूर्णेला कमानीखाली बसवलं आणि हात जोडले. सरांनी जोडले नाहीत. ते फक्त बघत राहिले, तिच्याकडे.

“आता राहशील ना?” त्यांनी विचारलं. अख्ख्या वर्गाला दम भरणारा तो आवाज मला ओळखूसुद्धा आला नाही.

वहिनींनी पदर खोचला, स्टोव्हजवळ जाऊन वात निरखली आणि म्हणाल्या, “डाळ कुठे ठेवलीय?”